उजवा हात आधी

नारायणगावला हायवेच्या कडेला टेम्पोच्या बॉड्या बांधायची एक शेड आहे. त्या शेडमध्ये, प्लायवूडच्या खोक्यात बसून, मी रणगाडा नाल्यात घातला. एकदा नाही, सकाळपासून जेवणापर्यंत अकरा वेळा. सरकारनं खरा रणगाडा हातात दिला होता तेव्हा मी तो वाळूत चालवला, चिखलात चालवला, रेल्वेच्या सपाट डब्यावर चढवला. तो डबा रणगाड्यापेक्षा अरुंद असतो आणि पट्टे दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर राहतात. कुठंच कधी पाडला नाही. म्हणजे एकदा सोडून. त्या एकदाचंच सांगायचं आहे.

ओतूरच्या संपादकांनी निरोप धाडला, की दिवाळी अंकासाठी फौजेतला एखादा पराक्रम लिहा. मी आठवी नापास. त्या काळी तेवढ्यावर घेत होते. अक्षर माझं आहे, शुद्धलेखन सुनेनं बघितलंय, पण तिला बजावलंय की माझं वाक्य हलवायचं नाही. पराक्रम मी आजवर पारावर पुष्कळ सांगितला. गाव ऐकत आलं. आता जे झालं ते सांगतो.

आधी कामाचं. आमच्या काळच्या रणगाड्याला मोटारीसारखं गोल चाक नव्हतं. ड्रायवर पुढं, खाली, एकटा बसतो. दोन्ही अंगाला एकेक दांडा. डावा ओढला की डावा पट्टा अडतो, उजवा पळत राहतो आणि गाडी डावीकडं वळते. उजवा ओढला की उजवीकडं. दोन्ही एकदम पुरते ओढले की दोन्ही पट्टे अडतात आणि गाडी जाग्यावर उभी. हे ‘एकदम’ ध्यानात ठेवा.

वरचं झाकण बंद असलं की ड्रायवरला दिसतं ते काचेच्या फटीतून, टपालपेटीच्या तोंडाएवढं. पुढचा खड्डा त्याला दिसत नाही, वर उभ्या कमांडरला दिसतो. तो कानात ओरडतो, ड्रायवर ओढतो. मधे विचाराला जागा नाही. म्हणून ड्रायवर डोक्यानं तयार होत नाही, हातानं होतो.

आणि हात तयार करायचा तर गाडी पळवायला पाहिजे. इथंच सगळं अडायचं. रणगाडा डिझेल कसं पितो ते बघूनच पटेल. पट्टे झिजतात. इंजिनाचे तास मोजून दिलेले असतात. सकाळी गाडी पळाली की दुपारपासून फिटर तिच्या खाली. त्यामुळं एका गाडीमागं आम्ही दहा-बारा रंगरूट उन्हात रांगेनं बसायचो आणि एकेकाच्या वाट्याला पाव तास यायचा. त्या पाव तासात उस्ताद एवढंच बघणार, की पोरानं गाडी कुठं धडकवली नाही ना. तुमचा कोणता हात आधी हलतो, हे तो कुठून बघणार? ड्रायवरच्या शेजारी दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नसते. आमचे हात कुणीच बघितले नाहीत.

आता ह्याला तोड निघालीय. सिम्युलेटर म्हणतात. खोकं. आत बसायला सीट आणि दांडे, समोर टीव्हीवर रस्ता. डिझेल नाही, पट्टे नाहीत. पोरानं गाडी शंभर वेळा उलटी केली तरी चहा थंड होण्यापलीकडं नुकसान नाही. ही खोकी बाहेरून आणायची तर लई महाग, म्हणून स्वस्तातलं करून दाखवायचं एका पोरीनं मनावर घेतलं. स्नेहल तिचं नाव. घोडेगावची. पुण्यात कॉम्प्युटर शिकली, तिथंच दोन मैत्रिणींबरोबर तिची छोटी कंपनी आहे. खोक्याचं सुतारकाम-लोहारकाम तिनं रफिक मिस्त्रीला दिलं. मिस्त्री जुन्नरचा, वडिलांपासून टेम्पोच्या बॉड्या बांधण्याचा धंदा.

मिस्त्री मला म्हणाला, “नाना, मी टमाट्याचे क्रेट वाहणारी गाडी बांधतो. रणगाडा कसा असतो ते तुम्हीच सांगायचं.”

स्नेहलनं कागदावर माझ्या नावापुढं ‘तज्ज्ञ’ लिहिलं. घरी आल्यावर तो कागद मी सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

मिस्त्रीनं टेम्पोची सीट बसवली, भंगारातल्या ट्रॅक्टरचे दांडे लावले, त्यांना जाड स्प्रिंगा. सीटखाली धान्य चाळायच्या यंत्राची मोटर, हादरे द्यायला. मी आत बसायचो आणि चुका काढायचो. सीट उंच झाली. दांडा हलका आहे, खरा दांडा ओढताना खांद्यात कळ आली पाहिजे. आवाज ट्रॅक्टरचा येतोय. सगळं झालं तरी काहीतरी कमी वाटत होतं. मग डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं मी पायाशी ठेवायला लावलं आणि झाकण बंद केलं. तेव्हा कुठं ती माझी गाडी झाली. 

मग स्नेहल म्हणाली, “नाना, आता थांबवायचं बघू. कानात ‘रुक’ ऐकू आलं की दोन्ही दांडे ओढायचे. पुढं नाला आहे, अचानक येईल.”

“चाल. वीस वर्षं हेच केलंय.”

‘रुक’ आलं. मी ओढले. पडद्यावरचा रणगाडा झटक्यानं उजवीकडं फिरला आणि कडेवरून नाल्यात गेला.

मी झाकण उघडून ओरडलो, “मिस्त्री! उजवी स्प्रिंग ढिली हाय तुझी.”

मिस्त्रीनं स्प्रिंग बदलली. गाडी नाल्यात. त्यानं डावीची उजवीला आणि उजवीची डावीला लावली. तरी उजवीकडंच. दांडे काढून पुन्हा बसवले, तेल घातलं. नाल्यात. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, “नाना, मी आता शिल्लक काहीच ठेवलं न्हाई खोलायला. तुमीच ऱ्हायलात.”

मी त्याला दोन शिव्या दिल्या. स्नेहलनं मला बाहेर काढलं आणि स्वतः आत बसली. त्या पोरीनं जन्मात बैलगाडीही हाकलेली नाही. ‘रुक’ आलं, तिनं ओढले, गाडी सरळ उभी. तीन वेळा.

“तू बनवलंय म्हणून तुझे लाड करतंय ते,” मी म्हणालो.

तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. दोन रेषा होत्या. “नाना, लाल रेष तुमचा उजवा हात, निळी डावा. लाल आधी उठते. अकराच्या अकरा वेळा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण आधी.”

“तुझं कॉम्प्युटर खोटं बोलतंय.”

“त्याला खोटं बोलून काय मिळणार आहे?”

मी चपला घातल्या आणि निघालो. मी ऐकणारा माणूस नाही, हे माझ्या घरात विचारलंत तर कुणीही सांगेल. फाटकापाशी एक म्हातारा टेम्पोला टेकून उभा होता. बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करणारा, गेनूभाऊ. टेम्पोचा मागचा फाळका मोडला म्हणून आला होता आणि फाळका राहिला बाजूला, तासभर आमचा तमाशा बघत होता. खोक्याच्या एका बाजूला प्लायवूड अजून ठोकलेलं नव्हतं, त्यातून माझे हात दिसत होते.

तो म्हणाला, “पावणं, राग मानू नका. लहानपणी तुमच्या घरचा उजव्या अंगाचा बैल तापट व्हता का?”

माझे पाय जागीच थांबले. “कशावरून?”

“हात सांगतोय की. जोडी बुजली की माणूस दोन्ही कासरे वढतो. पण ज्याचा उजवा बैल तापट, त्यो उजवा कासरा आधी वढतो. न्हाई वढला तर त्यो बैल गाडी घेऊन जातो ना! एकदा सवय लागली की मरंस्तोवर जात न्हाई. मी बाजारात गिऱ्हाइकाचा हात बघून वळखतो, ह्याच्या घरी कसली जोडी हाय ते.”

आमच्या घरी पाखऱ्या होता. पांढरा, डोळ्यात रक्त उतरलेलं. पानाची सळसळ झाली तरी उधळायचा. शाळा सुटल्यापासून गाडी माझ्या हातात, आणि बाप मागून ओरडायचा, “आधी पाखऱ्याला धर!” तो बैल मरून पन्नासच्या वर वर्षं झाली. सरकारनं मला वर्दी दिली, नंबर दिला, रणगाडा दिला, आणि मी आत बसून पाखऱ्यालाच आवरत होतो.

मी शेडच्या कट्ट्यावर बसलो. मिस्त्रीनं पाणी दिलं. त्याला वाटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतं लागलं. मला बुधा आठवला होता.

बुधा आमच्या गाडीवरचा लोडर. तोफेत गोळा भरणारा. गाव त्याचं आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला, तळेघरच्या पुढं. साऱ्या रेजिमेंटमध्ये आमच्या भागातला तो एकटा, त्यामुळं ताट एक, बिडी एक. एका सरावाला राजस्थानात कोरड्या नदीच्या कडेनं गाडी जोरात चालली होती. माझं झाकण बंद. बुधा त्याच्या झाकणातून वर उभा, उजव्या अंगाला. कमांडर कानात ओरडला, “ड्रायवर, रुक!” मी दोन्ही ओढले. गाडी उजवीकडं फिरली आणि कडेवरून खाली घसरली. आडवी झाली नाही, पण बुधाचं लोखंडी झाकण खटका सुटून खाली आलं, ते त्याच्या हातावर. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मी त्याला बाहेर ओढून काढला, खांद्यावर टाकून पळालो. चौकशी झाली. मी सांगितलं, गाडी आपोआप उजवीकडं ओढली. माझा तसा विश्वासच होता, देवाशपथ. फिटरांनी उजवी बाजू खोलली, तर आत झीज निघाली. झीज कुठल्या गाडीत नसते? डावी खोलली असती तरी निघाली असती. पण डावी कुणी खोलली नाही. कागदावर गाडीचा दोष लिहिला गेला आणि मला शाबासकी मिळाली, जवानाला वाचवलं म्हणून.

बुधा घरी आला. त्याच्या आईनं माझे पाय धरले. तेव्हापासून दर वर्षी नवं भात निघालं की बुधा तांदळाचं पोतं घेऊन माझ्या दारात. मी नको म्हणायचो. तो म्हणायचा, “ह्यो जीव तुझा हाय, धोंड्या. तांदूळ कसला मोजतोस?” माझी दोन्ही पोरं त्या तांदळावर वाढली. आणि पारावर मी सांगायचो, गाडी बिघडली, पण ड्रायवर पक्का होता म्हणून चौघं वाचले.

तीन दिवस मी शेडवर गेलो नाही. घरात भात शिजला की उठून बाहेर जायचो. सून म्हणाली, “मामा, दुखतंय का काही?” पित्त झालंय म्हणून सांगितलं. एक मन म्हणायचं, आता बोलून काय बोटं परत येणारेत? बुधा सुखात आहे. तू मर आणि हे तुझ्याबरोबर जळू दे. मी हट्टी आहे, पण भित्रा नव्हतो कधी. त्या तीन दिवसांत कळलं की होतो.

चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. मंचरला बदलली, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेकडेनं वर. बुधाचं रस्त्याच्या कडेला दुकान आहे, भीमाशंकरला जाणाऱ्यांसाठी नारळ, बेल, साखरफुटाणे. तो अंगठा आणि डाव्या हातानं असे झटपट पुडे बांधतो की बघणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

“आरं, ड्रायवर! अवचित?” त्यानं बाकडं पुसलं.

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. खोकं, लाल रेष, पाखऱ्या, एकदम आणि आधी. सांगताना एक गिऱ्हाईक नारळ घ्यायला आलं, ते गेलं, मी पुढं सांगितलं. बुधा पुडा बांधायचा थांबला.

“म्हंजी गाडी चांगली व्हती?”

“चांगली व्हती.”

“म्हंजी तू वढली उजवीकडं.”

“मी वढली.”

त्यानं अर्धा बांधलेला पुडा खाली ठेवला. मग म्हणाला, “एवढी वरसं मी त्या गाडीला शिव्या दिल्या, धोंड्या. रोज. नारळ फोडताना, धोतर नेसताना. आता तिला काय सांगू?”

त्यानं पुड्यातले साखरफुटाणे परत बरणीत ओतले.

“माझ्या आईनं तुझे पाय धरले व्हते.”

“व्हय.”

“जा तू. गिऱ्हाइकाची येळ हाय.”

खालची एसटी यायला दीड तास होता. तो दीड तास मी रस्त्याच्या पलीकडं दगडावर बसलो. त्यानं एकदाही मान वर केली नाही. चहाला बोलावलं नाही. बुधानं मला चहाला बोलावलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मी पुन्हा शेडवर जायला लागलो. स्नेहलला सगळं सांगितलं, कारण खोक्याचं काम त्यात होतं. ती पोरगी हुशार. तिनं थांबवण्याचा धडा सगळ्यांत पुढं आणला. पोरगं खोक्यात बसलं, की पहिल्याच दिवशी त्याच्या दोन रेषा समोर. कुणी बैलामागं वाढलेला असेल, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी मोटरसायकलवर. प्रत्येक जण कुठलातरी पाखऱ्या हातात घेऊन येतोच. तो बाहेर काढायला रणगाडा लागत नाही, प्लायवूड लागतं. हे मला कळायला सत्तरी गाठावी लागली. आमच्या वेळी असलं एक खोकं असतं, तर ती लाल रेष आठ दिवसांत मोडली असती आणि बुधाची बोटं आज नारळ सोलत असती. 

पंधरा-एक दिवसांनी मी खोक्यात बसलेलो असताना मिस्त्री हाक मारायला आला. “नाना, कोन पावणं आलेत. नाव सांगत न्हाईत.”

बुधा होता. धुतलेलं धोतर, टोपी. माझ्याकडं न बघता स्नेहलला म्हणाला, “ताई, ते खोकं कुठलं? मला बसायचंय.”

“आजोबा, तुम्ही ड्रायवर होता का?”

“न्हाई. मी भोगणारा व्हतो.”

तो आत बसला. डाव्या हातानं डावा दांडा धरला. उजवा अंगठ्यात आणि मनगटाच्या बेचक्यात अडकवला, पुडा बांधताना दोरा अडकवतो तसा. मिस्त्रीनं झाकण लावलं. पडद्यावर गाडी निघाली. कानात ‘रुक’ आलं असणार, कारण आतून धाडकन आवाज झाला.

रणगाडा जाग्यावर उभा राहिला. सरळ. नाला हातभर पुढं.

स्नेहलनं रेषा दाखवल्या. लाल आणि निळी एकावर एक बसल्या होत्या, मधे काडी शिरणार नाही अशा. “आजोबा, एकदम बरोबर! कसं केलंत?”

झाकण उघडून बुधानं डोकं बाहेर काढलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलं. उजवा पंजा वर धरला, अंगठा तेवढा हलवला.

“धोंड्या, तुझ्या हाताला चार बोटं जास्त व्हती. दुसरं काय न्हाई.”

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. कुणाला हसावं की नको कळेना. मग बुधाच हसला, आणि मला रडू फुटलं. फौजेत शिकवलेलं एवढंच माझ्याकडं शिल्लक होतं, की माणसात रडायचं नाही. तेही त्या दिवशी गेलं.

नंतर स्नेहल हळूच म्हणाली, “नाना, तुमच्या त्या अकरा वेळच्या रेषा नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवू का? नाव टाकणार नाही. ‘एक जुना ड्रायवर’ एवढंच लिहीन.”

बुधा माझ्या तोंडाकडं बघत होता.

“पुरतं नाव लिही,” मी म्हणालो. “गावासकट.”

तसंच दुसरं खोकं बांधून आता फौजेकडं तपासायला गेलंय. घेतील का नाही ते वरचे ठरवतील. पहिलं शेडवरच आहे, मी अजून रोज त्यात बसून ओढतो. दहात दोन वेळा लाल रेष आधी उठतेच. पाखऱ्या लई चिवट.

त्या दिवशी बुधाला एसटीत बसवायला मी फाट्यावर गेलो. तो पायरीवर चढला, मागं वळला आणि म्हणाला, “तांदूळ आता मी आणायचा न्हाई.”

“बरं,” मी म्हणालो. 

“तू यायचं. भात कापून झालं की खळ्यावर. दिवसभर झोडायचं आन् मग पोतं न्यायचं.” कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसा तो खिडकीतून ओरडला, “आन् दोन्ही हातांनी झोडायचं, धोंड्या. येकदम!”

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्यांच्याकडची कापणी उरकलेली असेल आणि मी बुधाच्या खळ्यावर असेन.